वस्ती बोलती पाहिजे

घर पाहायला जाताना माणसं काय काय सोबत नेतात? कोणी टेप नेतं, कोणी होकायंत्र नेतं, कोणी वास्तुशास्त्र कळणारा साडू नेतं. आमचे गजाननमामा विरजणाची डबी न्यायचे. रिकामी.

बिल्डरचा माणूस आम्हाला ओट्याचा काळा ग्रॅनाइट दाखवत असायचा, तोवर मामांनी समोरच्या फ्लॅटची बेल दाबलेली असायची. दार उघडलं की डबी पुढे.

"बाई, थोडं इरजण भेटन का? चमचाभर पुरे."

ती बाई आधी डबीकडे पाहायची, मग मामांकडे, मग त्यांच्या पाठीमागे भिंतीत शिरू पाहणाऱ्या माझ्याकडे.

"तुम्ही कोण?"

"आम्ही अजून कोणीच नाही," मामा सांगायचे. "घर पाहून राहिलो. घेतलं तर तुमचे शेजारी. नाही घेतलं तर राम राम."

विरजण मिळालं की मामांच्या दृष्टीने ती 'बोलती' वस्ती. दार अर्धं उघडून 'नाही' म्हटलं, की 'मुकी'. आणि दार न उघडता आतून नुसतंच 'कौन?' आलं, की मामा डबी बंद करायचे आणि मला म्हणायचे, "चाल वं रंजू. इथी भिंती राहतेत." एका दारातल्या बाईंनी विरजण द्यायच्या आधी आमचं आडनाव विचारलं. त्या दिवशी मामांनी डबीला झाकण लावलं आणि जिन्यातच, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे बोलणं नाही, हे नाक्यावरचं चेकिंग आहे." मी दोन-दोन पायऱ्या सोडत खाली पळाले.

आता मामांचा आवाज. ते जन्मभर शाळेत पीटीचे सर होते. मैदानावर मामा 'विश्राम' म्हणाले की पलीकडच्या रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा पाय मोकळे करायचे, असं माझी आई सांगते. रिटायर होऊनही पायातले पांढरे कॅनव्हासचे बूट गेले नाहीत आणि आवाज तर नाहीच गेला. त्यांना कुजबुजायला सांगितलं तर ते तोंडाशी हात धरायचे आणि त्याच आवाजात बोलायचे.

असा माणूस आमच्या घरखरेदीत आला तो आईमुळे. मी आणि माझा नवरा प्रशांत नागपुरात जरीपटक्यात भाड्याने राहत होतो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे रस्त्यावर लोंबणारी गॅलरी, खाली कापडाचं दुकान. सकाळी दुकानाचं शटर वर जायचं तेव्हा आमच्या चहाचे कप हलायचे. समोरच्या मोहिनी आंटी त्यांच्या गॅलरीतून आमच्या गॅलरीत विचारायच्या, "रंजना, आज सब्जी में क्या डाला, छींक आ रही है!" प्रशांतला या सगळ्याचा वीट आला होता. त्याचं ऑफिस विमानतळाकडे. त्याला दक्षिणेकडे, मनीषनगर, बेसा, बेलतरोडी अशा बाजूला घर हवं होतं. शांत, आणि खाली पार्किंग असलेलं.

"गजाननले सोबत नेजा," आई म्हणाली. "एकटाच पडला आहे तिकडे. तुमचं काम होईन, त्याचा वेळ जाईन."

'तिकडे' म्हणजे उमरेड रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये. मामांनी फार पूर्वी तिथे प्लॉट घेऊन घर बांधलं होतं. आणि एकटे, कारण सिंधूमामी भिवापूरला, माहेरी होत्या. त्यांच्या भावाचं मिरचीचं शेत. मिरची तोडायची, वाळवायची, निवडायची, मामींशिवाय तिथे कोणाचं पान हलत नाही, असं मामा सांगायचे. पण कधीही विचारलं तरी मामींचा मिरचीचा सीझनच चाललेला असायचा. पावसाळ्यात, हिवाळ्यात, होळीला, पोळ्याला. प्रशांत एकदा म्हणालाही, "मामाजी, जगाले पुरून उरली असन आता मिरची." मामा हसले. म्हणजे दात दाखवले.

पहिल्याच रविवारी बेसा. कोट घातलेली एक गोड मुलगी आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवत होती. हॉलमध्ये पुठ्ठ्याचा टीव्ही, टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं. मामा हॉलच्या मधोमध उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि पूर्ण ताकदीने ओरडले, "सिंधूऽऽ!"

त्या मुलीच्या हातातलं माहितीपत्रक खाली पडलं.

"मॅडम पण सोबत आल्यात का, सर?"

"नाही. ती भिवापूरले आहे."

"मग...?"

"आवाज शेजारी जाते का पाहून राहिलो. बाईमाणूस घरात एकटं असलं, पडलं-झडलं, हाक मारली, तर कोणाले आयकू गेलं पाहिजे का नाही?"

मुलीचा चेहरा उजळला. तिला वाटलं, आता आपली गाडी रुळावर आली. "सर, काळजीच नको. आपल्या भिंती एकदम साउंडप्रूफ आहेत. तुम्ही कितीही ओरडा, बाजूला काही जात नाही."

"मंग हे घर आहे का तिजोरी?" मामा म्हणाले आणि बूट घालायला बाहेर गेले.

मी त्या मुलीची माफी मागितली. त्या उन्हाळ्यात मी माफी मागण्यात चांगलीच तयार झाले होते. वॉचमनची, बिल्डरची, दुपारच्या झोपेतून उठून आलेल्या आजोबांची. लाजेनं कान तापायचे, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये कान तापायला आणखी कारण नको असतं.

बेलतरोडीला तर कहर झाला. आम्ही रो-हाउस पाहत होतो आणि मामा दिसेनात. शोधत शोधत प्रशांत शेजारच्या गच्चीवर पोचला, तर तिथे पाच-सहा बायका कुरडया घालत बसलेल्या आणि त्यांच्यात मामा, कोपरापर्यंत गव्हाचा चीक माखलेले, सोऱ्या फिरवत होते. ना ओळख ना पाळख. मला पाहताच त्यातली एक म्हणाली, "ये ना वं, तुह्या मामाचा हात चांगला आहे." मला चिकाची वाटी दिली. मी ती मान खाली घालून उभ्याने खाल्ली. प्रशांत गाडीत जाऊन बसला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मामा मात्र मागच्या सीटवर खूश होते.

"बोलती वस्ती! काय बोलती! पण सिटी बस नाही तिथी. बाईमाणसानं कुठी जायचं म्हटलं तर?"

"मामा, माझ्याकडे स्कूटी आहे," मी म्हणाले.

"हो ना. तुह्याकडे आहे," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

शेवटी मनीषनगरमध्ये आमच्या मनासारखं घर सापडलं. तिसरा मजला, पूर्वेचं दार, खाली पार्किंग, मागे कडुनिंबाची झाडं. प्रशांतने मला बजावलं, "आज टोकन द्यायचंय. मामाजीले नको नेऊ." पण आम्ही पोचलो तेव्हा मामा गेटपाशी हजर. त्यांना आईने सांगितलं होतं. हातात पिशवी, पिशवीत डबी.

प्रशांत बिल्डरच्या माणसाशी आत बोलत होता. मी एक डोळा मामांवर ठेवून होते, पण कडुनिंबाकडे पाहण्यात तोही चुकला. बेल वाजली. समोरच्या घरातल्या तरुण सुनेने दार उघडलं, विरजणही आणून दिलं. मी सुटकेचा श्वास टाकत होते तेवढ्यात मामांनी विचारलं,

"बाई, दुपारी तुम्ही घरी एकट्याच असता का?"

ती दचकली. "का?"

"नाही, दिवसभर मंग कोणाशी बोलता? बाजूवाल्या येतेत का तुमच्याकडे? का संध्याकाळी मालक येतपर्यंत नुसत्याच बसून राहता?"

तिचा नवरा बनियनवरच बाहेर आला. "ओ काका, काय विचारून राहिले तुम्ही बाईमाणसाले?" बाजूचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून पाहिलं. "कोण आहे हा माणूस?" "वॉचमनले बोलवा." "दुपारी एकटी असते का विचारते म्हणजे काय?" बिल्डरचा माणूस धावत आला, त्याच्यामागे प्रशांत, लालबुंद. मामा मधोमध डबी धरून उभे होते आणि त्यांना खरंच कळत नव्हतं की आपण काय चुकीचं विचारलं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. ज्या लोकांच्या शेजारी जन्म काढायचा, त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी ही शोभा. आणि मी ओरडले. मामांवर मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

"मामा, बस करा आता! काही लाज आहे का तुम्हाला? घर आम्हाला घ्यायचंय, तुम्हाला नाही!"

वरून वाकलेलं डोकं आत गेलं.

मामा माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मलेच पाहिजे वं." आणि रेलिंग धरून हळूहळू जिना उतरायला लागले.

मी प्रशांतला खूण केली आणि त्यांच्या मागे गेले. कोपऱ्यावर उसाच्या रसाचं दुकान होतं. मामा तिथल्या बाकावर बसले होते. मी दोन ग्लास सांगितले. चरकाची घुंगरं वाजायची थांबली.

"मिरची-बिरची काही नाही," मामा म्हणाले.

मी रसाचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"मिरची तुह्या मामीचा भाऊ पाहते. सिंधू मले सोडून गेली आहे, रंजू. या वयात बायको सोडून गेली म्हणून कोणाले सांगाचं? तुह्या मायले बी नाही सांगितलं."

मग ते तुटक तुटक सांगू लागले. लेआउटमधला प्लॉट त्यांनी एका दुपारी मित्राच्या सांगण्यावरून घेतला होता. जागा वाढणार, रोड येणार, सगळं येणार. मामींना घर बांधून झाल्यावर नेऊन दाखवलं. आजूबाजूचे प्लॉट लोकांनी घेऊन ठेवले होते, पण बांधलं कोणीच नाही. तारेचं कुंपण आणि गवत. मामा सकाळी शाळेत, संध्याकाळी मैदानावर, सुटीत टूर्नामेंटला. त्यांना कधी शांतता जाणवलीच नाही. त्यांच्याभोवती कायम पोरांचा गलका.

"ती म्हणे, मले इथी करमत नाही. मी म्हणो, टीव्ही लाव. ती म्हणे, टीव्ही आपलं आयकत नाही. मी हासलो. मले वाटलं, जोक केला."

रसाच्या ग्लासावर माशी बसली होती. त्यांनी ती हाकलली नाही.

"एकदा लवकर सुटलो. स्कूटरवर येऊन राहिलो, तर मेन रोडच्या बस स्टॉपवर सिंधू बसली. म्हटलं, कुठी चालली? तर कुठीच नाही. नुसतीच बसली होती. स्टॉपवरचा पानठेलेवाला म्हणे, काकू रोजच बसतेत सर, दुपारभर. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांशी बोलतेत, बस आली का बाया जातेत, ह्या बसूनच." मामांनी तळहाताने तोंड पुसलं. "मले लाज वाटली वं. सगळे मले सर म्हणतेत त्या रोडवर. सरची बायको स्टॉपवर भिकाऱ्यासारखी बसून राहते! मी तिथीच ओरडलो. तुले माहीत आहे माहा आवाज. सगळा स्टॉप पाहून राहिला होता. घरात काय वाघ बसला आहे का, म्हटलं. लाज नाही वाटत का, म्हटलं."

त्यांनी वाकून बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली.

"काही नाही बोलली. मागं बसली स्कूटरवर, घरी आली, सैपाक केला. आणि त्याच हप्त्यात भिवापूरले गेली. मिरचीले जातो म्हणे. मी म्हटलं, जाय."

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला. दहा मिनिटांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर मी जे शब्द वापरले होते, ते मला आठवले, आणि मामांकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

"तिले पसंत पडन अशी वस्ती पाहून राहिलो होतो," मामा म्हणाले. "एकटा गडी घर पाहाले गेला तर कोणी धड दाखवत नाही. तुमच्यासोबत चालून जात होतं."

त्यानंतर मी मामींना फोन केला. "मामी, आम्ही घर घेतोय. तुम्ही एकदा येऊन पाहा ना. तुमचं मत पाहिजे."

"माहं मत?" मामी म्हणाल्या. "घर घेताना माहं मत कोणी विचारलं नाही. तू काहून विचारून राहिली?"

पण आल्या. मिरचीची पिशवी घेऊन, पहिल्या बसने. मनीषनगरचं घर त्यांनी सगळ्या खोल्यांतून फिरून पाहिलं, नळ सोडून पाहिले. "चांगलं आहे. तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर. तुम्हाले चालते." समोरचं दार बंद होतं. मी त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती.

जेवायला त्यांना जरीपटक्याला घरी आणलं. मामांना मी मुद्दामच बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. मामी दारातच थबकल्या.

"रंजू, मी घर पाहाले आली आहे. नांदाले नाही."

"रंजू, तिले म्हण, बस तर खरी," मामा म्हणाले.

"रंजू, त्यांले म्हण, मी गाडीत बसूनच आली, मले उभं राहू द्या."

असा माझ्यामार्फत संसार सुरू झाला. मी पोळ्या करायला आत गेले. बाहेर आले तर मामी गॅलरीत. समोरच्या गॅलरीतून मोहिनी आंटी विचारत होत्या, "भाभीजी, आप रंजना के क्या लगते हो?" "मैं उसकी मामी हूं," मामी सांगत होत्या, "भिवापूर से आई." "अरे, मिर्ची वाला भिवापूर? लाए हो क्या?" मामींनी पिशवी उघडली. मिरची देठाला धरून दाखवली. आंटींनी वरून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, खालच्या दुकानातल्या पोऱ्याने ती आमच्या बाजूला आणून दिली. मामींनी त्यात दोन मुठी मिरची टाकली. टोपली परत येताना तिच्यात पापड होते. मग मिरची पापडात घालायची की नाही यावर दोघींचा वाद सुरू झाला. दोघींचं हिंदी वेगळं, दोघीही हट्टी. हॉर्न वाजत होते म्हणून दोघीही ओरडून बोलत होत्या.

मामा खुर्चीवरून उठून गॅलरीच्या दारापाशी आले. आंटी आत गेल्या तसे मामींना मागे ते दिसले.

मामी पुन्हा रस्त्याकडे वळल्या. मग पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलल्या.

"मले स्टॉपवर बसाची लाज नव्हती वाटली. तुम्ही बोलले तेव्हा वाटली."

"मालूम आहे," मामा म्हणाले.

"आता मालूम झालं?"

"तू गेली त्याच दिवशी झालं. घरात बसलो तर आवाजच नाही ना वं कोणाचा."

मामींनी पदराने रेलिंगवरची धूळ पुसली. घर त्यांचं नव्हतं, पण पुसली. मग आत माझ्याकडे वळून विचारलं, "रंजू, हे घर तुम्ही खाली कधी करून राहिले?"

प्रशांत घास घेता घेता थांबला. ज्या घरातून सुटायला तो तडफडत होता, ते घर पाहायला कोणीतरी भिवापूरहून आलं होतं.

आम्ही मनीषनगरला गेलो आणि मामा-मामी जरीपटक्यात आले. लेआउटमधलं घर मामांनी कोण्या रोड बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांना भाड्याने दिलं. मनीषनगरात आमच्या समोरच्या घरातल्या त्या सुनेकडे मी एकदा हिंमत करून गेले आणि मामांबद्दल सगळं सांगितलं. "काकांनी बरोबरच विचारलं होतं," ती म्हणाली आणि मला आत बोलावलं.

मागच्या महिन्यात गॅसचा रेग्युलेटर जुन्या घरी राहिला होता तो आणायला मी गेले. दुपारची वेळ. दार उघडंच होतं. आत टेबलावर दोन ताटं वाढलेली, वरण-भातावरचं तूप थिजून पांढरं झालेलं. मामा ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. बाहेर गॅलरीत मामी समोरच्या आंटींना कोणाच्या तरी लग्नाची हकिकत सांगत होत्या, आणि ती नुकतीच साखरपुड्यापर्यंत आली होती.

"मामा, जेवायचं थांबलात का? बोलावू का त्यांना?"

मामांनी घाईघाईने हात वर केला.

"नको वं. बोलू दे तिले."

मी रेग्युलेटर विसरूनच जिना उतरले.